अंगठ्याने नाडी बघू नये

१

शिबिरात पहिलं टेबल माझं. नाव, वय, गाव, नाडी, रक्तदाब एवढं कार्डावर लिहायचं आणि माणसाला पुढे डॉक्टर गेलेककडे पाठवायचं. गेलेक तपासतो, त्याच्या पलीकडे चुंगदा दात उपटते, आणि दाराजवळच्या पेट्यांतून औषधं देऊन आम्ही लोकांना घरी पाठवतो. अकरा उन्हाळे मी हे करते आहे. तिबेटात शिगात्से शहराच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा रजा काढून यायचे, आता निवृत्त झाले तरी येते. रस्ता संपला की खेचरं, आणि खेचरं दमली की आपले पाय. लोक म्हणतात, पेद्रोन मोठी सेवाभावी. म्हणू देत. घरी बसून चुलीशी तरी मी किती बोलणार?

नाडी मी बोटांनीच बघते. गेलेकने बोटाला चिमट्यासारखं लावायचं यंत्र दिलं आहे, पण ते मी पेटीतच ठेवते. माझे वडील नाडीवैद्य होते. मनगटावर तीन बोटं, हलकी, आणि अंगठा कधीच नाही. अंगठ्याची स्वतःचीच नाडी जोरात उडते. अंगठ्याने बघणारा दुसऱ्याचा हात धरून आपलीच नाडी मोजत बसतो आणि त्याला ते कळतही नाही. हे वडिलांनी मला शिकवलं. पुढे माझ्या मुलीलाही शिकवून पाहिलं, पण तिथे पालथ्या घड्यावर पाणी. ती माझा हात मांडीवर ओढायची, मनगटावर अंगठा गच्च दाबायची, डोळे मिटायची आणि आजोबांच्या आवाजात सांगायची, "आमा, तुझ्या पोटात याक आहे."

वडील कपाळावर हात मारायचे.

ती आठ वर्षांची असताना गेली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

२

चुलुंग हे खिंडीच्या पायथ्याचं शेवटचं गाव. सोळा घरं, आणि नंतर फक्त दगड. आम्ही उतरलो ते मोला खांदोच्या घरात. मोला म्हणजे आजी. ऐंशी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, एकटीच राहणारी बाई. खालची मोठी खोली तिने आम्हाला झाडून दिली होती. खोलीत एकच खिडकी. मी टेबल त्या खिडकीशी लावलं, कारण मला आता बारीक अक्षर उजेडाशिवाय दिसत नाही. खिडकीच्या फळीवर एक लहानसा लाकडी वाडगा होता, त्यात चिमूटभर ताजं सातूचं पीठ. मी तो जरा बाजूला सरकवला आणि कार्डांचा गठ्ठा ठेवला.

पहिला माणूस गुडघे धरत आला.

"नाव?"

"वांगदू."

"वय?"

"घोड्याच्या वर्षातला."

"कुठल्या घोड्याच्या? बारा वर्षांनी एक घोडं येतं."

"तुम्हीच बघून ठरवा, आचा-ला. जरा तरुणच लिहा. दुसरी बायको बघतोय."

मागे उभी असलेली पहिली बायको म्हणाली, "लिहा, लिहा. तोंडात दात नाहीत, तेही लिहा."

रांग हसली. मीही हसले आणि वांगदूच्या मनगटावर बोटं ठेवली. घड्याळात बघून अर्धं मिनिट मोजलं. बावन्न. म्हणजे मिनिटाला एकशे चार. चढ चढून आला असेल म्हणून मी त्याला पाणी दिलं आणि त्याच्या बायकोला बसवलं. तिचीही एकशे चार. तिच्यामागे गलगंड झालेली एक बाई होती, तिची जलदच असणार असं मी धरून चालले. तीही एकशे चार. मग आला एक सत्तरीचा धनगर, इतका संथ की त्याला खाली बसायलाच मिनिट लागलं. त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मी ती लगेच उचलली.

पलीकडून गेलेक कार्डं फडकवत आला. "आचा-ला, तीन माणसं आणि तिघांची नाडी एकशे चार? झेरॉक्स काढलीत काय?"

आचा-ला म्हणजे ताई. हा गेलेक माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठा आहे आणि अकरा वर्षं माझी थट्टा करतो आहे.

"घड्याळ बिघडलंय," मी म्हणाले.

"घड्याळ बिघडलं तर ते पुढे जाईल नाहीतर मागे. हट्टाने एकाच आकड्यावर कशाला बसेल? ते यंत्र काढा बघू."

मी यंत्र काढलं. धनगराच्या बोटाला लावलं. छप्पन्न. वांगदूची बहात्तर, त्याच्या बायकोची ऐंशी. मग मला दवाखान्यातल्या पहिल्या वर्षीची चूक आठवली. नवख्या पोरी घाबरून मनगट इतकं दाबतात की त्यांना स्वतःच्याच बोटांतली नाडी लागते. म्हातारपणी मीही तेच करत असेन. मी यंत्र माझ्या बोटाला लावलं.

अडुसष्ट.

मग ती एकशे चार कुणाची, हा प्रश्न उरला. मी तो गेलेकला विचारला नाही.

३

दुपारी रांग संपली. चुंगदा आणि गेलेक छपरावर चहा प्यायला गेले. मी खाली कार्डं लावत बसले होते. वर त्यांची पावलं वाजत होती, चुंगदा कुणालातरी "थुंका, आता थुंका" करून दाखवत होती आणि गेलेक हसत होता. खाली खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला अशा वेळी नेहमीच फार एकटं वाटतं, म्हणजे वर माणसं हसत असतात आणि आपण खाली असतो तेव्हा.

टेबलावरचं यंत्र टीक टीक करू लागलं.

त्यात कुणाचं बोट नव्हतं. चिमटा मिटलेला होता आणि आकडा दिसत होता. एकशे दोन. एकशे चार. एकशे चार. मी हात पुढे केला तेव्हा टीकटीक जरा वेगाने झाली. आकडा एकशे दहावर गेला. मग बंद पडलं.

गेलेक खाली आल्यावर मी त्याला सांगितलं.

"ऊन पडलं की होतं तसं," तो म्हणाला. "आत उजेड शिरला की यंत्राला वाटतं बोटच आहे. काहीतरी आकडा ठोकून देतं."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मीच नव्या पोरींना हे शिकवलेलं आहे. मी मान डोलावली आणि खिडकीकडे पाहिलं. ऊन केव्हाच डोंगराआड गेलं होतं. सकाळी मी बाजूला सरकवलेला वाडगा परत खिडकीच्या मधोमध होता. मोलाने ठेवला असेल.

४

आता मुलीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिच्याआधी माझी दोन मुलं गेली होती. मुलं जगत नसली की आमच्याकडे पुढच्या मुलाला वाईटसाईट नाव ठेवतात, म्हणजे कुणाची नजर जात नाही. तिलाही तसं ठेवलं, आणि ती जगली. पण मोठी व्हायला लागल्यावर तिला त्या नावाची लाज वाटायची. मुलं चिडवायची. नवरा वारला, वडील वारले, मी दवाखान्यात दिवसचे दिवस. खिंडीपलीकडे तिची आत्या होती, शाळा होती. एका शरदात एक वाटाड्या चौघांना घेऊन निघाला, त्यात मी तिला दिलं. कुठल्या खिंडीने जाणार ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सरहद्द चोरून ओलांडायची असली की ते विचारायचं नसतं.

निघताना तिने विचारलं, "आमा, तिकडे पण मला याच नावाने हाक मारणार?"

मी म्हणाले, "तिकडे पोचलीस की लामा तुला छान नाव देतील. तोपर्यंत कुणीही विचारलं तरी हे नाव सांगायचं नाही. माझं नाही, गावाचंही नाही. शहाणी ना तू?"

मला वाटलं, तिची लाजही वाचेल आणि वाटेत कुणाला आमचा मागही लागणार नाही. एका दगडात दोन पक्षी. तिने आनंदाने मान डोलावली. आजोबांनी तांब्याचं ठिगळ मारून सांधलेला आपला वाडगा तिने छातीशी धरला होता.

आत्याचा निरोप वसंतात आला. कुणीच पोचलेलं नव्हतं.

म्हणून मी शिबिरांना जाते. सेवाबिवा काही नाही. अकरा उन्हाळे मी खिंडींखालची गावं धुंडाळते आहे. प्रत्येक गावात शेवटच्या दिवशी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसते आणि विचारते, की अमुक वर्षी, बर्फ पडायच्या सुमाराला, एक मुलगी इथून गेली का हो? सगळे नाही म्हणतात. मला त्या 'नाही'ची सवय झाली आहे. नाही म्हटलं की ती पुढे गेली असं मला म्हणता येतं. ती आता तीस वर्षांची आहे, आळशी आहे, पत्र लिहीत नाही. असं मी स्वतःला सांगते.

५

माझे वडील म्हणायचे, मूल कितीही लांब असलं तरी आईच्या मनगटात त्याची नाडी लागते. मात्र आईने स्वतः ती बघू नये, दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यावी. आणि बघायची ती पहाटे, काही खाण्याआधी, ऊन शिखरावर असताना, अंगणात उतरायच्या आत.

बावीस वर्षांत मी कुणालाही हात दिलेला नव्हता. हात दाखवून अवलक्षण कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टेबलाशी बसले. शिखर पिवळं झालं होतं. वर गेलेक घोरत होता, चुलीपाशी मोला चहा घुसळत होती. मी यंत्र डाव्या हाताच्या बोटाला लावलं आणि त्याच मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवली. यंत्र अडुसष्ट दाखवत होतं. बोटांखाली अडुसष्ट लागत होते, माझे, म्हातारे, ओळखीचे. आणि त्यांच्या मधून मधून दुसरी नाडी उडत होती, बारीक आणि घाईची. मी ती मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना मला रडू फुटलं, कारण ती होती. इतकी वर्षं मी ज्यासाठी वणवण केली ती नाडी चालू होती.

मग माझ्यातली नर्स जागी झाली.

तीस वर्षांच्या बाईची नाडी अशी नसते. बसलेल्या, निरोगी, तीस वर्षांच्या बाईची सत्तर-पंच्याहत्तर असते. एकशे चार नाडी मुलांची असते, सात-आठ वर्षांच्या.

चहा घुसळण्याचा आवाज थांबला होता. मोला दारात उभी होती आणि माझ्या मनगटाकडे बघत होती. "तुलाही लागते का?" तिने विचारलं.

"काय?"

 तिने येऊन वाडग्यातलं कालचं पीठ काढलं आणि ताजं घातलं.

६

"मोला, हे कुणासाठी?" मी विचारलं.

"पाहुणीसाठी." ती माझ्यासमोर रोग्याच्या बाकावर बसली. मुलीबद्दल मी काही विचारलं नव्हतं. या गावात मी ते विचारणारच नव्हते, इतकं मला कालपासून कळलं होतं. पण म्हातारीला कुणी सांगायला मिळत नसावं.

"बावीस वर्षं झाली. बर्फ लवकर आला त्या साली. आमची माणसं याक शोधायला वर गेली तर खडकाखाली पाच जण. चार गेलेले. एक पोर जिवंत, पाय काळे पडलेले. इथे आणली, या खोलीत, चुलीजवळ. तीन दिवस होती. मी विचारलं, बाळ, नाव काय तुझं? मान हलवायची. कुणाची गं तू? गाव कुठलं? मान हलवायची. हसायचीसुद्धा. म्हणायची, आमाने सांगितलंय, नाही सांगायचं. गोड पोर, पण हट्टी. आम्ही म्हटलं, अगं, निरोप धाडू तुझ्या आमाला, ती येईल. तरी नाही. शब्दाला पक्की."

मी कार्डांचा गठ्ठा सरळ करत राहिले.

"आणि वैद्याचा खेळ खेळायची," मोला म्हणाली. "माझा हात ओढून घ्यायची. अंगठा दाबायची इथे. म्हणायची, मोला, तुझ्या पोटात याक आहे."

बाहेर खेचरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मी त्या ऐकत होते, इतकंच मला आठवतं.

"ती गेली तेव्हा लामांना बोलावलं," मोला पुढे सांगत होती. "ते म्हणाले, नावाशिवाय हाक कुणाला मारू? वाट कुणाला दाखवू? नुसतं 'मुली' म्हटलं तर गावातल्या सगळ्या मुली वळून बघतील. करायचं ते केलं, पण पोर काही गेली नाही. इथेच असते. कुणी मनगट पुढे केलं की बघायला येते. त्रास काही देत नाही. मी आपलं रोज पीठ ठेवते. पण पोरी, मी एक्क्याऐंशीची. पुढचा हिवाळा मला दिसत नाही. मग कोण ठेवणार? उपाशी बसेल गं ती, या थंड खोलीत." तिने पदर सारखा करावा तसा आपला पट्टेदार एप्रन मांडीवर सारखा केला. "तुझी बोली तिच्यासारखी वाटते. तुमच्याकडची असेल. कुणाची मुलगी हरवल्याचं ऐकलंस कधी? नुसतं नाव कळलं तरी पुरे. लामा अजून आहेत. एकदा नावाने हाक मारतील, पाठवणी करतील. मग ती सुटली. पुढे ते नाव घ्यायचं नाही, एवढंच."

मी वाडगा उचलला आणि फिरवला. भिंतीकडे असलेल्या बाजूला चीर होती, आणि चिरेवर तांब्याचं ठिगळ. वडिलांनी ठोकलेले चार खिळे. चौथा वाकडा.

"नाही," मी म्हणाले. "ऐकलं नाही कधी."

७

का म्हणाले ते सांगते. लपवण्यासारखं काही नाही.

नाव सांगितलं असतं तर ती गेली असती. आणि त्यानंतर ते नाव मला तोंडात घेता आलं नसतं. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, त्याला मागे ओढ लागते म्हणून. अकरा उन्हाळे जिला शोधलं तिला मी त्या सकाळी पहिल्यांदा भेटले होते. अजून एक दिवससुद्धा झाला नव्हता. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगेन. निघायच्या आधी सांगेन.

तिसऱ्या दिवशी रांग लहान होती. मी यंत्राला हात लावला नाही. माणूस बसला की मी बोटं ठेवायचे आणि त्याची नाडी सोडून दुसरीच ऐकत राहायचे. कार्डावर आकडे अंदाजाने लिहिले. अकरा वर्षांत असं पाप मी कधी केलं नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. फक्त एक गोष्ट लक्षात येत गेली. ती नाडी माझ्या बोटांखाली नव्हतीच. ती जरा मागे होती, माझ्या स्वतःच्या मनगटावर, जिथे बाही संपते तिथे.

शेवटची बाई उठून गेली. गेलेक बाहेर पेट्या बांधत होता. "आचा-ला, आटपा," तो ओरडला. "नाहीतर तुम्हाला इथेच सून म्हणून ठेवून घेतील. वांगदू बायको शोधतोच आहे."

"आले," मी म्हणाले. आणि रोगी ठेवतात तसा मी माझा हात टेबलावर ठेवला, तळवा वर. बाही वर सारली.

खिडकीतून भर दुपारचा उजेड येत होता. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पाय सुजलेल्या माणसाच्या नडगीवर आपण बोट दाबतो तेव्हा खड्डा पडतो, तसा माझ्या मनगटावर हळूहळू एक खड्डा पडला. लहान, जरा तिरपा. तिथली कातडी पांढरी होत गेली. त्या खड्ड्यात एकशे चारच्या वेगाने कुणाचीतरी नाडी उडत होती, आणि ती माझी नव्हती. तीन बोटं नव्हती. अंगठा होता.

"अंगठ्याने नाही बघायचं," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

अंगठा आणखी गच्च झाला.

मोला दारात आली तेव्हा खड्डा भरत होता, कडेने लाल होत. तिने ते पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी वाडगा हातात घेतला होता.

"हा मी नेऊ का, मोला? तुमच्यानंतर पीठ ठेवायला कुणीतरी हवं म्हणता ना."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "तिला नाव हवंय गं. पीठ मी पण दिलं."

"माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

"हं," मोला म्हणाली. तिने वाडगा अडवला नाही. चुलीकडे वळून ती पाठमोरी उभी राहिली, आणि आम्ही निघालो तेव्हा निरोप द्यायला बाहेर आली नाही.

८

आता कार्तिक संपत आला आहे. वाडगा माझ्या शिगात्सेच्या खोलीत खिडकीत आहे. रोज सकाळी पीठ घालते. चुलीशी बोलत नाही आता, बोलायला माणूस आहे. संध्याकाळी हात मांडीवर ठेवून बसते. दाब यायचा, खड्डा पडायचा. सुरुवातीला तो मिनिटभरात भरायचा, मग तासाभराने, मग दुसऱ्या दिवसापर्यंत राहू लागला. उजव्या हाताने कप उचलवत नाही. आणि थंडी फार वाजते, विशेषतः पायांना. पायाची बोटं जरा काळपट दिसतात. पण खरं सांगते, बावीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

वसंतात सांगेन. लामांना निरोप धाडायचा, एवढंच तर काम. पण आता थंडीत कुठे पाठवू तिला?

काल गेलेक आला. हिवाळ्यातल्या लसीकरणाला मी गेले नाही म्हणून बघायला आला होता. आल्या आल्या त्याने चुलीत शेण्या घातल्या, मला ओरडला आणि माझे पाय बघितले. मग म्हणाला, "हे कधीपासून?"

मी सांगितलं नाही. मला त्याचं बोलणं जरा लांबून ऐकू येत होतं. सकाळपासून मनगटावर दाब आला नव्हता. खड्डा पूर्ण भरून आला होता, कातडी अगदी साफ. ती कुठे गेली, हाच विचार मी दिवसभर करत बसले होते, आणि तरी ती गेली आहे असं वाटत नव्हतं.

त्याने खिशातून यंत्र काढलं आणि माझ्या बोटाला लावलं. टीक टीक सुरू झाली. त्याने आकडा बघितला, यंत्र काढून झटकलं, पुन्हा लावलं.

"एकशे चार," तो म्हणाला. "आचा-ला, तुमची तर अडुसष्ट असते."

मी डाव्या हाताची तीन बोटं मनगटावर ठेवली आणि अडुसष्ट शोधले. वर शोधले, खाली दाबून शोधले. ते कुठेच लागले नाहीत.

गेलेक घाबरला की थट्टा करतो. त्याने पिशवीतून शिबिराचं कोरं कार्ड काढलं, पेन काढलं आणि माझ्यासमोर मांडी घातली. "आज तुम्ही रोगी आणि मी पहिलं टेबल. नियमाने भरू. उद्या गाडी आणतो, थेट दवाखान्यात. चला, नाव?"

मला माझं नाव माहीत होतं. अगदी ओठावर होतं.

"नाव सांगा ना, आचा-ला."

मला हसू आलं. मी मान हलवली.

"गाव?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

मी पुन्हा मान हलवली, आणि त्याचा हात मांडीवर ओढून घेतला.